घटक ५ : धावत्या विषयाचा मागोवा : संकलनातील ट्रॅकिंग आणि झूम

५.१ प्रास्ताविक

दृश्ये तोडणे आणि जोडणे या संकलनाच्या मूळ क्रियेशी आपला परिचय झालेला आहे. त्या क्रियेत चित्र आतून जसे आहे तसेच राहते; आपण केवळ त्याचा आरंभ आणि शेवट ठरवतो. प्रस्तुत घटकात आपण चित्राच्या आत शिरणार आहोत. टिपलेल्या चौकटीतून एक लहान चौकट कापून घेणे आणि ती धावत्या विषयाबरोबर सरकवत नेणे, ही क्रिया येथे अभ्यासावयाची आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात हे कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कथा-कादंबरीचा अभ्यास करताना ‘निवेदक कोणाच्या जवळ उभा आहे’ हा प्रश्न आपण विचारतो. गर्दीचे वर्णन करता करता लेखक एका पात्रावर स्थिरावतो, त्याच्यामागून चालू लागतो आणि बाकीची गर्दी धूसर होते. संकलकाच्या हाती तेच काम वेगळ्या साधनांनी येते. तेव्हा या घटकातील तांत्रिक भाग समजून घेताना निवेदनाचा प्रश्न सतत समोर ठेवावा.

विवेचनासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील वाखरीच्या गोल रिंगणाचे चित्रण तुमच्याकडे आले आहे, असे समजा. उंचावर तिपाई लावून, मोबाइल न हलवता, सबंध रिंगण एका चौकटीत टिपलेले आहे. मधोमध पालखी, भोवती दिंड्या, मोकळी ठेवलेली गोल धाव आणि तिच्यावरून धावणारे दोन अश्व. चित्रण स्वच्छ आहे. पण अश्व पडद्यावर बोटाच्या पेराएवढे दिसतात. माहितीपटासाठी यातून एक मिनिटाचे दृश्य तयार करावयाचे आहे.

५.२ शब्दांचा घोटाळा

‘ट्रॅकिंग’ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. छायालेखनात रुळांवर किंवा चाकांच्या गाड्यावर कॅमेरा ठेवून तो विषयाबरोबर नेला, की त्यास ट्रॅकिंग शॉट म्हणतात. जोव्हान्नी पास्त्रोने यांच्या ‘काबिरिया’ (१९१४) या इटालियन मूकपटातील गाड्यावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून होतो तो याच संदर्भात. संकलनात मात्र कॅमेरा केव्हाच घरी गेलेला असतो. तेथे ट्रॅकिंग म्हणजे चित्रातील एक ठरावीक भाग प्रत्येक फ्रेममध्ये कोठे आहे हे संगणकाने शोधून काढणे.

‘झूम’चेही तसेच. भिंगाचा झूम प्रकाशालाच वळवतो, त्यामुळे जवळ आणलेल्या गोष्टीचा तपशील नव्याने टिपला जातो. संकलनातील झूम हा टिपलेल्या चित्राचा तुकडा ताणून मोठा करतो. तपशिलात त्याने तिळभरही भर पडत नाही. आणि कॅमेरा खरोखर पुढे सरकला, तर जवळच्या वस्तू झपाट्याने मागे जातात, दूरच्या जागच्या जागी राहतात, खोलीची जाणीव बदलते. दोन्हीपैकी कोणताही झूम हे करू शकत नाही. तो सर्व काही एकाच प्रमाणात वाढवतो. म्हणूनच संकलनात केलेला झूम कितीही सफाईदार असला, तरी ‘मी तेथे जवळ गेलो’ असे प्रेक्षकाला वाटत नाही. ‘मी येथूनच अधिक लक्ष देऊन पाहू लागलो’ असे वाटते. हा फरक दोष मानण्याचे कारण नाही. तो ओळखून वापरता येतो.

५.३ संगणक माग कसा काढतो

संगणकाला अश्व कळत नाही. आपण अश्वाच्या अंगावरील एक छोटा चौकोन आखून देतो. त्यातील उजेड-अंधाराची मांडणी हा त्याचा नमुना. पुढील फ्रेममध्ये त्याच जागेच्या आसपास तो नमुना शोधला जातो आणि जेथे साम्य सर्वाधिक आढळते ती नवी जागा नोंदवली जाते. ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धती या क्षेत्रातील पायाभूत पद्धतींपैकी एक असून तिची तत्त्वे आजही शिकवली जातात. अलीकडची साधने विषयाचे रूप शिकत शिकत माग काढतात, तरीही नमुना नीट निवडण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते.

नमुना कसा असावा? ज्याला कोपरा आहे असा. अश्वाची पाठ एकरंगी व गुळगुळीत. तिच्यावरील एक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसतो, म्हणून चौकोन तेथे घसरत राहतो. पताकेच्या काठीसारखी सरळ कडही उपयोगाची नाही, कारण कडेच्या लांबीच्या दिशेने चौकोन वरखाली सरकला तरी आतले चित्र तेच राहते. खोगिराचा किंवा झुलीचा कोपरा, जेथे दोन कडा मिळतात व रंग ठळकपणे बदलतो, तो भाग निवडावा. पाय कटाक्षाने टाळावेत. ते अश्वाबरोबर जातात खरे, पण मागेपुढे होत स्वतःच्या लयीत जातात.

आता रिंगणातील खरी अडचण. धावणारे अश्व दोन आहेत. एकावर स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, ज्यावर कोणीही बसत नाही. दुसरा पहिल्याला गाठून पुढे निघतो त्या क्षणी दोन्ही नमुने एकमेकांवरून जातात आणि संगणकाचा चौकोन निमूटपणे चुकीच्या अश्वावर जाऊन बसतो. तो थांबत नाही, तक्रार करत नाही. धूळ उडाली, मध्ये पताका आली, तरी हेच घडते. यासाठी माग काढण्याचे काम सबंध धावेवर एका दमात सोपवू नये. विषय झाकला जाण्यापूर्वी थांबावे, तो पुन्हा स्पष्ट दिसू लागला की तेथून नव्याने सुरुवात करावी आणि मधल्या काही फ्रेम हाताने भराव्यात. अशा ठिकाणी माणसाचा डोळा यंत्राच्या पुढे असतो, कारण आपल्याला रिंगण म्हणजे काय हे ठाऊक असते.

केडेनलाइव्ह हे विनामूल्य व मुक्त सॉफ्टवेअर या सरावास पुरेसे आहे. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्तीही चालेल. दोन्हींची बटणे निराळी, क्रम एकच : माग काढणे, मिळालेल्या जागा कीफ्रेमच्या रूपाने घेणे आणि त्या चित्राच्या स्थानाला व आकाराला लागू करणे. कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी चित्र येथे आणि एवढे मोठे’ अशी नोंद. दोन नोंदींमधील प्रवास संगणक भरून काढतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुमच्या गावातील जत्रा, कुस्ती किंवा कबड्डीचे एखादे चित्रण डोळ्यांसमोर आणा. त्यातील एका व्यक्तीचा माग काढावयाचा झाल्यास तिच्या अंगावरील कोणता भाग नमुना म्हणून निवडाल? तो कोणकोणत्या क्षणी झाकला जाईल?

५.४ चौकटीचा हिशेब

हा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

विषय उजवीकडे जातो तेव्हा त्याला पडद्यावर राखण्यासाठी चित्र डावीकडे सरकवावे लागते. सुरुवात करणाऱ्यांना येथेच अडखळायला होते : मिळालेल्या जागा जशाच्या तशा लावल्या की अश्व दुप्पट वेगाने चौकटीबाहेर पळतो.

आपली चौकट १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच आहे, असे धरू. चित्र दीडपट केले. त्याची रुंदी २८८० झाली. एका क्षणी अश्व डाव्या कडेपासून १२०० पिक्सेलवर होता. दीडपटीनंतर तो १८०० वर गेला. चौकटीचा मध्य ९६० वर असल्याने चित्र ८४० पिक्सेल डावीकडे सरकवले की अश्व मधोमध येतो. येथवर ठीक. पुढे अश्व १५०० वर पोहोचला. दीडपटीनंतर २२५०, म्हणजे १२९० पिक्सेल सरकवणे आले. पण मग २८८० रुंदीच्या चित्राची उजवी कड १५९० वर येते आणि चौकटीच्या उजव्या अंगाला ३३० पिक्सेलची काळी पट्टी उघडी पडते. दीडपट झूममध्ये अश्वाला मधोमध ठेवणे तो मूळ चित्रात ६४० ते १२८० या पट्ट्यात असेपर्यंतच शक्य आहे.

अनेक जण यावर उपाय म्हणून झूम आणखी वाढवतात. तो उपाय महागात पडतो. कड आली की पाठलाग हळूहळू थांबवावा आणि अश्वाला मध्य सोडून कडेकडे जाऊ द्यावे, हे अधिक बरे. पुढे आपण पाहणार आहोत की मधोमध ठेवण्याचा हट्टच मुळात अनावश्यक असतो.

झूम किती करावा, हे मूळ चित्रणाच्या आकारावर अवलंबून आहे. ३८४० × २१६० पिक्सेलचे, म्हणजे बोलीत ‘फोर-के’, चित्रण १९२० × १०८० च्या चौकटीसाठी वापरले, तर दुपटीपर्यंत झूम करताना पिक्सेल ताणावे लागत नाहीत. मूळ चित्रणच १९२० चे असेल, तर दीडपटीत १२८० पिक्सेलचे चित्र १९२० वर पसरते आणि तो मऊपणा जाणवू लागतो. म्हणून असे काम करावयाचे आधीच ठरले असल्यास चित्रण मोठ्या आकारात करून घ्यावे आणि विषयाच्या भोवती जागा सोडावी. शटर वेगवान ठेवण्यासही सांगावे. मंद शटरवर धावता अश्व पुसट उमटतो, आणि नंतर तोच चौकटीत स्थिर केला तर जागेवर उभा असूनही पुसट असलेला अश्व दिसतो. हे मोठे विचित्र वाटते आणि संकलनात दुरुस्त होत नाही.

आणखी एक बारकावा. अश्व चौखूर धावतो तेव्हा त्याचे शरीर वरखाली होते. माग अचूक असेल तर ती उसळी चौकट शोषून घेते. मग अश्व स्थिर आणि पालखी, दिंड्या, आकाश अशी सारी वाखरी उड्या मारू लागते. अशी अचूकता कामाची नाही. संगणकाने सेकंदाला तीस नोंदी दिल्या असतील तर त्यांतील दहा-पंधरा फ्रेममागे एक ठेवावी, बाकीच्या पुसून टाकाव्यात आणि उरलेल्या नोंदींमधील वाट वळणदार करावी. चौकटीने अश्वाची दिशा पाळावी. उसळी अश्वाकडेच राहू द्यावी.

झूमच्या गतीबाबतही असेच. १ पासून २ पर्यंतचा आकार दर फ्रेमला समान रकमेने वाढवला, तर आरंभी झूम वेगवान आणि शेवटी रेंगाळलेला वाटतो, कारण डोळा वाढीची रक्कम मोजत नाही, प्रमाण मोजतो. १ वरून १.५ होणे आणि १.५ वरून २.२५ होणे त्याला सारखे वाटते. आरंभ व शेवट मंदावण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरावी. आणि अश्व उभा असताना झूम सुरू करू नये. त्याने धाव घेतल्यावर, त्या हालचालीच्या आडोशाने सुरू केलेला झूम प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

५.५ कोणाच्या नजरेने, कोठवर

आता निवेदनाच्या प्रश्नाकडे येऊ.

सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटाचा आरंभ आठवावा; रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर तो आधारलेला आहे. दुपारच्या निवांत घरात एकटी असलेली चारू दांडीची छोटी दुर्बीण घेऊन खिडकीच्या झडपांतून रस्त्यावरच्या माणसांना न्याहाळते. माणूस पुढे गेला की ती पुढच्या खिडकीशी जाते. धावत्या विषयाचा माग आणि त्याला जवळ आणणे, या घटकाचा सारा विषय त्या प्रसंगात आहे. पण तेथे प्रत्येक सरकण्याला एक पाहणारी आहे आणि तिच्या पाहण्याला तिच्या रिकाम्या दुपारचे कारण आहे. पुढे नवरा भूपती पुस्तकात डोके घालून तिच्याजवळून निघून जातो, आणि ती त्याच्यावरही दुर्बीण धरते. हाताच्या अंतरावरचा माणूस दुर्बिणीतून पाहावा लागतो, हे संवादावाचून कळते.

उलट बाजूने, दूरचित्रवाणी मालिकांत एका वाक्यासरशी चार चेहऱ्यांवर आदळणारे झूम आपण रोज पाहतो. तेथे कोणीही पाहत नसते; केवळ ‘पाहा, पाहा’ असे ओरडले जाते. भाषेत आपण उद्गारचिन्हांची अशी रांग लावत नाही, निदान लावू नये.

रिंगणाकडे परत येऊ. वारकऱ्यांची भावना अशी, की माउलींच्या अश्वावर प्रत्यक्ष माउली आरूढ आहेत. ते रिकामे खोगीर हा त्या सबंध सोहळ्याचा गाभा होय. आता एखाद्या उत्साही संकलकाने अश्वाच्या डोक्यावर घट्ट झूम केला, उडणारी आयाळ, फुललेल्या नाकपुड्या, सारे काही साधले, तर त्याने खोगीरच चौकटीबाहेर टाकले. प्रेक्षकाला एक देखणा घोडा दिसेल. रिंगण दिसणार नाही. वारीशी अपरिचित असलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तर ती घोड्यांची शर्यतच झाली. तेव्हा चौकट किती घट्ट करावी, याचे उत्तर पिक्सेलच्या हिशेबाने मिळते ते फार तर ‘किती करता येईल’ एवढेच. ‘किती करावी’ हे खोगिराने ठरवायचे आहे.

दुसरा निर्णय आकाराचा. रिंगणाच्या पलीकडच्या अंगाला अश्व लहान दिसतो, अलीकडे आला की मोठा. दोन बिंदूंमधील अंतर मोजून झूम आपोआप कमीजास्त करण्याची आणि अश्व सतत एकाच आकाराचा ठेवण्याची सोय उपलब्ध आहे. तसे केल्यास अश्व एका जागी धावतो आहे आणि मागे कोणी पडदा फिरवतो आहे, असा भास होईल. झूम स्थिर ठेवून अश्वाला लहान-मोठे होऊ दिले, तर त्या कमीजास्त होण्यातूनच धावेचा घेर प्रेक्षकाच्या मनात तयार होतो. प्रस्तुत लेखकाचा कल निःसंशय दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

तिसरा, जागेचा. धावणाऱ्याच्या पुढे मागच्यापेक्षा अधिक जागा ठेवावी, हा चित्रचौकटीचा जुना संकेत. डावीकडून उजवीकडे जाणारा अश्व चौकटीच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यात असावा. त्याच्यापुढची जागा ही जणू त्याच्या वाटेची. मात्र गोल धावेत दिशा उलटते. वळणावर अश्व आपल्या रोखाने किंवा आपल्यापासून दूर जाताना तो मधोमध चालेल, आणि तेवढ्या अवधीत जागा हळूच दुसऱ्या बाजूला नेता येते. वळण संपल्यावर घाईने केलेली सरकासरकी लगेच दिसते.

आणि शेवटचा निर्णय, माग सोडण्याचा. अश्व धावून गेले की वारकरी धावेकडे झेपावतात आणि टापांखालची माती कपाळी लावतात. पाठलागाच्या नादात चौकट अश्वामागे गेली, तर ही माती हातची जाते. येथे संकलकाने अश्वाला चौकटीतून निघून जाऊ द्यावे. चौकट थांबते, रिकामी धाव क्षणभर दिसते, आणि मग कडेने माणसे आत येतात. कादंबरीतही पात्र निघून गेल्यावर लेखक कधी कधी त्या खोलीतच थांबतो.

५.६ मोठे केलेले चित्र आणि खरेपणा

माहितीपट व बातमीपत्र यांत झूमला साक्षीचे मोल येते, म्हणून येथे अधिक सावध राहावे लागते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या वेळी अब्राहम झाप्रूडर या नागरिकाने ८ मिमी कॅमेऱ्यावर सुमारे २६ सेकंदांची, ४८६ फ्रेमची फिल्म टिपली. रॉबर्ट ग्रोडन यांनी तिच्या मोठ्या आणि स्थिर केलेल्या प्रती तयार केल्या. मार्च १९७५ मध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर ती दाखवली गेली तेव्हा देशभर खळबळ उडाली. चित्र स्थिर झाल्याने हालचालीकडे लक्ष एकवटते, हा या तंत्राचा लाभ तेथे स्पष्ट दिसतो. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे : फिल्मच्या दाण्यापलीकडचे काही त्यातून निघू शकत नाही, आणि मोठ्या केलेल्या दाण्यांत ज्याला जे हवे ते दिसू लागते.

आजची काही साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे पुसट चेहरा ‘स्पष्ट’ करून देतात. ते तपशील टिपलेले नसतात, अंदाजाने रचलेले असतात. गर्दीतील मारहाणीच्या चित्रणात असा रचलेला चेहरा एखाद्या निरपराध माणसाशी जुळला, तर त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून साक्षीच्या चित्रणात असे साधन वापरू नये. साधा झूम केला असेल तर ‘चित्र मोठे करून दाखवले आहे’ अशी ओळ पडद्यावर द्यावी आणि शक्य असल्यास मूळ, न कापलेले दृश्य आधी एकदा पूर्ण दाखवावे.

५.७ संकलन-टिपणाचा नमुना

लेखक म्हणून तुम्हाला संकलकासाठी टिपण लिहावे लागेल. त्यात बटणांची नावे नकोत. काय दिसावे आणि का, हे हवे. आपल्या दृश्याचे टिपण असे होईल :

००:०० ते ००:१० : सबंध रिंगण, मूळ चौकट. झूम नाही. प्रेक्षकाला घेर कळू द्यावा.
००:१० ते ००:१६ : स्वाराच्या अश्वाने धाव घेतल्यानंतर दीडपटीपर्यंत मंद झूम. दोन्ही अश्व चौकटीत.
००:१६ ते ००:४० : माउलींच्या अश्वाचा माग. खोगीर सतत दिसावे. आकार स्थिर, पलीकडच्या अंगाला अश्व लहान दिसला तरी चालेल. दोन अश्व एकमेकांना ओलांडतात तेथील माग हाताने तपासावा.
००:४० ते ००:४४ : माग सोडावा. अश्व उजवीकडून बाहेर.
००:४४ ते ०१:०० : चौकट स्थिर, झूम कायम. रिकामी धाव, मग माती उचलणारे वारकरी. मूळ आवाज ठेवावा, संगीत नको.

स्वाध्याय

१. छायालेखनातील ट्रॅकिंग आणि संकलनातील ट्रॅकिंग यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. चौकट १९२० पिक्सेल रुंद असून चित्र दुप्पट केले आहे. विषय मूळ चित्रात डाव्या कडेपासून ७०० पिक्सेलवर असल्यास तो मधोमध आणण्यासाठी चित्र किती व कोणत्या दिशेने सरकवावे लागेल? काळी पट्टी न दिसता विषय मधोमध ठेवता येईल असा पट्टा कोणता?
३. तुमच्या वाचनातील एखाद्या मराठी कथेत निवेदक गर्दीतून एका पात्राकडे वळतो असा परिच्छेद शोधा. त्याचे एक मिनिटाच्या दृश्यासाठी संकलन-टिपण लिहा आणि माग कोठे सोडाल ते सकारण सांगा.